आईने दुसऱ्यांदा मागितलेलं सूप

लिफ्टचं दार बंद होता होता एक हात आत आला. हातामागून थर्माकोलचा मोठा खोका आला, आणि खोक्यामागून एक उंच, घामाघूम झालेला तरुण.

"सॉरी हां… पाचवा मजला, प्लीज. मित्राकडे द्यायचंय."

आभा पेंडसेने पाचचं बटण दाबलं आणि श्वास रोखून धरला. दुबईच्या करामा भागातल्या त्या जुन्या बिल्डिंगची लिफ्ट म्हणजे काड्यापेटी, त्यात हा खोका, आणि खोक्यात काय आहे ते वास येत असताना वेगळं सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या मजल्याशी तिच्या पायाला काहीतरी गार लागलं. खोक्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं… थेट तिच्या नव्या चपलेवर.

"अहो, तुमचं ते… गळतंय."

"अरेच्चा." त्याने खोका उचलून छातीशी धरला. आता ते त्याच्या शर्टावर ठिबकायला लागलं. "बर्फाचं पाणी आहे नुसतं. मासे एकदम ताजे आहेत."

"ते ताजे आहेत याचा मला काय आनंद?"

"नाही, म्हणजे… वास येत नसेल, असं म्हणायचं होतं."

"तुम्हाला येत नसेल."

त्याने यावर खरंच विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मला नाहीच येत. मी वासातच राहतो." आणि हसला.

आता हे हसू जरा कमी चांगलं असतं, तर गोष्ट तिथेच चौथ्या मजल्यावर संपली असती. पण ते चांगलं होतं. आभा चौथ्या मजल्यावर उतरली, चप् चप् करत घरापर्यंत गेली, चप्पल बाल्कनीत टाकली, आणि मग उगाचच आरशात बघितलं. कशाला बघितलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

पेंडश्यांच्या घरात तेव्हा, म्हणजे दोन हजार चारच्या सुरुवातीला, एकच विषय होता. बाबा जूनमध्ये रिटायर होणार होते. दुबईपासून दूर, रुवैसच्या रिफायनरीत त्यांनी आयुष्य काढलं. आठवडाभर तिकडे, सुट्टीला करामात. नोकरी खलास की व्हिसा खलास, त्यामुळे आईबाबा पुण्याला परतणार हे पक्कं, आणि मुलीला दुबईत एकटीला ठेवायचं नाही हेही पक्कं. सव्वीस वर्षांची आभा दुबईतल्याच देरा भागात एका कार्गो कंपनीत चांगल्या नोकरीला होती. शाळा, मैत्रिणी, सगळं इथलंच. 'मला इथेच राहायचंय' असं ती म्हणायची, आणि आई 'का?' म्हणाली की पुढे बोलायला तिच्याकडे काही नसायचं.

जायच्या आधी एक मोठी ट्रिप करायची असं बाबांनी ठरवलं. आईला विचारलं, कुठे? आई म्हणाली, जपान. तिने टीव्हीवर साकुराचा, म्हणजे तिथल्या चेरीच्या फुलांचा बहर पाहिला होता आणि तेव्हापासून तिच्या मनात तो घर करून बसला होता. तिने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे बाबांनी लगेच हो म्हटलं. मीना बाजारातल्या विष्णूभाऊंची ट्रॅव्हल एजन्सी होती. दुबईहून ओसाकाला थेट विमान सुरू झालं होतं, आणि भाऊंनी मराठी मंडळातली अठरा शाकाहारी माणसं गोळा केली होती.

निघण्याआधीच्या मीटिंगला भाऊ म्हणाले, "यावेळी बरोबर स्वैपाकी नाही. पण जपानी बोलणारा आपला मराठी माणूस आहे. ये रे."

आणि इस्त्रीचा शर्ट घालून तोच उभा राहिला… लिफ्टमधला.

"मी दत्तप्रसाद कुबल. मूळ मालवणचा. रास अल खोरला सीफूड कंपनीत परचेसला आहे. कंपनीने दोन वर्षं ओसाकाच्या मासळी बाजारात ठेवलं होतं, तेव्हा भाषा शिकलो."

अठरा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," बाबा पुटपुटले.

आशाकाकू, म्हणजे आभाची आई, उभ्या राहिल्या. त्यांच्याबद्दल मंडळात सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती. त्या वेंगुर्ल्याच्या, मासे खाणाऱ्या घरातल्या. लग्न करून पेंडश्यांकडे आल्या तेव्हा सासूने उंबऱ्यात शब्द घेतला, आणि तीस वर्षांत त्यांनी मासळी तोंडात घातली नव्हती. त्याची बढाई त्या कधी मारत नसत. पण तो शब्द त्यांच्या अंगावर मंगळसूत्रासारखा होता.

"आमच्या ताटाची जबाबदारी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी, काकू. तुमच्या ताटात चुकीचं काही येणार नाही. शब्द देतो."

"शब्द जपून द्यावा रे बाबा," आई म्हणाली, पण बसली.

बाहेर जिन्यापाशी त्याने आभाला गाठलं. "चप्पल कशी आहे?"

"टाकून दिली."

"म्हणजे मी तुमचं एक चप्पल देणं लागतो."

"एक नाही, जोडी," आभा म्हणाली आणि जिना उतरली. पाठ फिरल्यावर हसली, ही गोष्ट वेगळी.

ओसाकात उतरले तेव्हा हवेत छान गारवा होता. भुकेने सगळ्यांचे चेहरे उतरले होते. दत्तप्रसाद हातातली पिवळी छत्री झेंड्यासारखी उंच धरून पुढे चालत होता. "यल्ला, यल्ला, चला पाटीलकाका, फोटो नंतर." स्टेशनजवळच्या एका चिंचोळ्या दुकानात त्याने सगळ्यांना बसवलं आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या म्हातारीशी वाकवाकून बोलला. मांस नको. मासा नको. म्हातारीने मान डोलावली.

वाफाळते वाडगे आले. जाड, गुबगुबीत शेवया, वर गोडसर तळलेला टोफू, आणि सोनेरी पाणी. बाबांनी भिंतीवरची किंमत वाचली, आधी दिरहम केले, मग रुपये केले, आणि डोळे मिटून घेतले. आईने वाडगा दोन्ही हातांनी उचलला, एक घोट घेतला… आणि थांबली. दुसरा घोट घेतला. शेवया बाजूला राहिल्या, तिने पाणी तळापर्यंत संपवलं.

"आणखी मिळेल का रे?" तिने विचारलं. आभा चाट पडली. आईने कुठेही, कधीही, दुसऱ्यांदा काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं.

दत्तप्रसाद खूश होऊन वाडगा घेऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने तो भरलेला वाडगा आईपुढे ठेवला नाही. हात निसटल्यासारखं करून टेबलावर सांडला, वाकून माफी मागितली आणि दुकानाबाहेर निघून गेला.

आभा त्याच्या मागोमाग गेली. तो शीतपेयांच्या मशीनला टेकून उभा होता.

"ते मुद्दाम सांडलंत."

"हो."

"का?"

"आत मी पातेल्याजवळ बघितलं. वाळवलेल्या गेदर माशाचे पातळ काप… पोतं भरून." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी म्हटलं मासा नको. तिने मासा घातला नाही. पण ते पाणीच माशाचं असतं हो. दाशी म्हणतात. इथे सगळ्याचा पाया तो. तिच्या लेखी तो मासा नव्हेच, जसं आपल्या लेखी फोडणीचं तेल म्हणजे काही पदार्थ नव्हे. आणि माझ्या नाकाला तर… दोन वर्षं इथे राहूनही माझ्या डोक्यात आलं नाही. मी सरळ मूर्ख आहे."

आभाने दुकानाच्या दाराकडे बघितलं. "सगळ्यांनी खाल्लं?"

"सगळ्यांनी. मी आता आत जाऊन काकूंना सांगतो."

तिने त्याची बाही घट्ट पकडली. "कुठे निघालात? अहो, बाकी कुणाचं चाललं असतं. आईचं नाही. तिला कळलं तर ती उरलेली ट्रिप केळ्यांवर काढेल आणि रात्रंदिवस रडेल. तिने जन्मात एकदा काहीतरी मागितलंय."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"तो मोडून झालाय. आता तिची ट्रिप तरी मोडू नका."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग बाहीवरच्या तिच्या हाताकडे बघितलं. आभाने हात काढून घेतला, पण जरा उशिराच.

"ठीक आहे," तो नाइलाजाने म्हणाला. "पण मला हे पचणार नाही."

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं होतं आईने, आणि खवखव सुरू झाली दत्तप्रसादला.

दुसऱ्या दिवसापासून दोघांचं एक गुप्त काम सुरू झालं. ग्रुप बाहेर रांगेत उभा राहायचा आणि हे दोघे आधी स्वैपाकघरात घुसायचे. तो विचारायचा, आणि ती पातेल्यावर वाकून वास घ्यायची.

"तुमच्या नाकाचा भरवसा नाही," आभाने जाहीर केलं होतं. "इथून पुढे माझं नाक."

"रोजच्या भाड्याने मिळेल का?"

"परवडणार नाही तुम्हाला."

"हप्ते?"

क्योतोतल्या एका आचाऱ्याला वाटलं, ही कोणी मोठी परीक्षक आहे. त्याने घाबरून तिच्यासाठी स्टूल आणलं. दत्तप्रसाद त्याला जपानीत काहीतरी म्हणाला आणि आचारी खोखो हसत सुटला.

"काय सांगितलंत त्याला?"

"सांगितलं की मॅडमचं नाक फार उंच आहे."

"खोटं."

"नाक खरंच छान आहे," तो म्हणाला, आणि एकदम पातेल्याकडे बघायला लागला. आभाने त्या पातेल्याचा दोनदा वास घेतला. पहिल्यांदा तिला काही कळलंच नाही.

क्योतोच्या एका देवळात भिक्षूंचं जेवण मिळालं, अगदी खरंखुरं शाकाहारी. समुद्री शेवाळ आणि मशरूमचं सूप, तिळाचा टोफू, रताळी. सगळे तृप्त झाले. आई वाटी खाली ठेवत म्हणाली, "छान आहे हो. पण… ओसाकाची सर नाही." दत्तप्रसादला जोराचा ठसका लागला. बाबांनी त्याच्या पाठीत थोपटलं.

साकुरा मात्र अगदी आईच्या मनासारखा भेटला. कालव्याच्या दोन्ही बाजूंनी फुललेली झाडं, पाण्यावर पाकळ्यांची साय. आई नुसती चालत राहिली, आणि बाबांनी कॅमेरा खिशात ठेवून तिची पर्स धरली. मग बारीक पाऊस आला. मंडळी पुढच्या चहाच्या दुकानाकडे पळाली. मागे राहिले दोघे आणि पिवळी छत्री.

छत्री एक होती, पण तो ती हातभर उंच धरून चालत होता. पाऊस सरळ आभाच्या डोक्यावर.

"छत्री खाली घ्या ना, मी भिजतेय."

"खाली घेतली तर ग्रुपला दिसणार नाही. हरवतील."

"हरवू दे."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. छत्री हळूहळू खाली आली… आणि तिच्याबरोबर जगही जरा लहान झालं. तिच्या केसांत पाकळी अडकली होती. त्याने बोट पुढे केलं, मागे घेतलं.

"काढा," आभा म्हणाली. "विचार कसला करताय?"

"माझ्या हाताला वास असेल."

"इतके दिवस झाले, नाही येत आता," ती म्हणाली. "किंवा मला येईनासा झालाय."

त्याने पाकळी काढली. इतकी अलगद काढली की तिला कळलंही नाही. कळलं ते फक्त त्याच्या चेहऱ्यावरून. मग तो एका गाडीवरून भाजलेलं रताळं घेऊन आला, गरम गरम, कागदात गुंडाळलेलं, आणि दोघांनी ते फुंकर घालत अर्धं अर्धं खाल्लं. यात दाशी नसते, एवढंच काय ते संभाषण झालं. नारा शहरातल्या बागेत एका हरणाने तिची ओढणी तोंडात धरली तेव्हा ती ओरडली, "दत्ता, सोडव ना रे," आणि त्या दिवसानंतर तुम्ही-तुम्ही आपोआप बंद झालं. आईने ते ऐकलं असावं. पण आई आजकाल जरा आपल्याच नादात असायची. रोज सकाळी हॉटेलच्या खिडकीपाशी जपमाळ घेऊन बसायची, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

टोकियोत शेवटच्या संध्याकाळी ग्रुप खरेदीत बुडाला होता. दत्तप्रसादने तिला बागेतल्या बाकावर बसवलं. स्वतः उभाच राहिला.

"जूनमध्ये तू पुण्याला जाणार?"

"थांबायला काही कारण नसेल तर… जाणार."

"आणि कारण… मी असलो तर?"

उत्तर आभाच्या जिभेवर तयार होतं, गेले कित्येक दिवस तयार होतं. पण तो पुढे बोललाच. "म्हणजे मी घरी येईन, रीतसर. पण आधी काकूंना ओसाकाचं सांगणार."

"काय?"

"मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, आभा. मला रोज विचारतात, अरे त्या सूपात काय होतं? मी काय बोलू?"

"दत्ता, तिला कळलं की खलास. तू मासळीतला, हे एकवेळ ती गिळेल. पण तिचा शब्द तुझ्या हातून मोडला हे नाही. दार बंद होईल."

"आणि न सांगता त्या दारातून आत येऊ? जन्मभर त्यांच्या पंगतीला बसायचं आणि मनात हे ठेवायचं? असा जावई तुला चालेल?"

"मला तू चालशील," असं तिने म्हणायला हवं होतं. म्हणाली काय, तर, "मग येऊच नकोस."

माणूस रागात नेमकं उलटं बोलतो. त्याने छत्री उचलली आणि तो ग्रुप गोळा करायला गेला. परतीच्या विमानात आभा खिडकीकडे तोंड करून रडत होती. आईने विचारलं, "कान दुखतात का गं?" तिने मान हलवली, हो.

दुबईत उन्हाळा सुरू झाला. फोन वाजायचा, आणि तो दर वेळी दुसऱ्याच कुणाचा असायचा. आभाने दोनदा त्याचा नंबर फिरवला आणि बेल वाजायच्या आत ठेवून दिला.

आणि आईने वेगळंच खूळ घेतलं. ओसाकाचं सूप. रोज संध्याकाळी गॅसवर पातेलं. कधी सोया सॉस, कधी मशरूम, एकदा तर तिने त्यात कोकम घातलं. चमचा तोंडाला लावायची, डोळे मिटायची, मान हलवायची. "नाही. काहीतरी राहतंय." मग देवापुढे जाऊन बसायची, फार वेळ, आणि उठायची ती उतरलेल्या चेहऱ्याने. आभाला ते बघवत नव्हतं. आईला काय होतंय तेही कळत नव्हतं.

एक दिवस आई म्हणाली, "त्या दत्तप्रसादला शुक्रवारी जेवायला बोलाव. तिकडे राहिलेला मुलगा आहे, त्याला कळेल काय कमी पडतंय."

आभाने फोन लावला. "आईने जेवायला बोलावलंय. ये. पण तोंड उघडायचं नाही."

तो पलीकडून म्हणाला, "जेवायला बोलवायचं आणि तोंड उघडायचं नाही?"

"दत्ता, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. बरी आहेस?"

"नाही," आभा म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती काहीतरी खरं बोलली होती.

शुक्रवारी तो आला. पांढरा शर्ट, हातात मिठाई, चेहरा लग्नाला आल्यासारखा नाही, तर परीक्षेला आल्यासारखा. बाबांनी विमानाच्या गप्पा काढल्या. आईने सगळ्यांआधी त्याच्यापुढे वाडगा ठेवला आणि समोर बसली, पदराला हात पुसत.

"घे. आणि भीड न ठेवता सांग. काय कमी आहे?"

त्याने घोट घेतला. आभाने टेबलाखालून पाय मारला.

"आई गं," बाबा कळवळले. "कोण लाथा मारतंय?"

दत्तप्रसादने वाडगा खाली ठेवला. एकदा आभाकडे पाहिलं; त्या नजरेत माफी होती आणि निरोपही होता. मग तो आईकडे वळला.

"काकू, यात मासा कमी आहे."

त्याने सगळं सांगितलं. म्हातारी, दाशी, वाळवलेला गेदर, मुद्दाम सांडलेला दुसरा वाडगा. एक शब्द लपवला नाही. लपवलं ते फक्त एक, की आभाने अडवलं होतं.

"म्हणजे…" आईचा आवाज कसातरीच झाला. "ते खरंच माशाचं होतं?"

"हो, काकू."

"माझ्या मनाचे खेळ नव्हते?"

"म्हणजे?"

आईने डोळ्याला पदर लावला, आणि आभाला वाटलं, झालं, आता सगळं संपलं. पण पदराआड आई हसत होती. रडतही होती, पण हसत जास्त होती.

"अरे, पहिल्याच घोटाला मला वेंगुर्ल्याची चूल दिसली. माझ्या आईचा हात दिसला. म्हटलं, आशा, तीस वर्षं झाली आणि तुझा जीव अजून तिथेच? साध्या भाजीच्या पाण्यात तुला मासा लागतो? त्या दिवसापासून रोज देवापुढे कान धरतेय. आणि रोज संध्याकाळी परत तीच चव शोधतेय, चोरासारखी. मला वाटलं, माझ्या शब्दाला काही अर्थच नव्हता. मी नुसती वरवर पाळत होते." तिने नाक पुसलं. "माझी जीभ खोटी नव्हती तर. मासा लागला, कारण मासा होता."

मग ती दत्तप्रसादकडे वळली.

"पण तू शब्द मोडलास," आई एकदम कडक झाली. "आणि मोडलास तर मोडलास, तिथल्या तिथे का नाही सांगितलंस? महिनाभर मला झुरत ठेवलंस."

"चूक झाली, काकू. माझीच."

"त्याची नाही," आभा म्हणाली. "तो निघाला होता सांगायला. मी बाही धरून अडवलं."

"तू? का?"

"तुझी ट्रिप बिघडू नये म्हणून…" आभा थांबली. मान खाली घालून ते वाक्य तसंच सोडता आलं असतं. पण समोर हा माणूस बसला होता, ज्याने हातचं सगळं जाईल हे माहीत असून खरं सांगितलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. "ते पहिल्या दिवशी होतं, आई. नंतर तसं नव्हतं. नंतर मी माझ्यासाठी गप्प बसले. तुला कळलं असतं तर तू याला घरात घेतलं नसतंस… आणि मला तो हवाय."

बाबांचा हात ताटावर अधांतरी राहिला. "कोण हवाय?"

"हा."

"हा… कुबल?"

"हो, बाबा."

दत्तप्रसादचे कान लाल झाले होते. तो उठून उभा राहिला, का उभा राहिला ते त्यालाही कळलं नसावं. "काकू, काका… मी मासे सोडेन. कंपनीत काम करीन, पण घरात आणणार नाही, खाणार नाही. आभासाठी सोडेन."

"बस खाली," आई म्हणाली. "काही सोडायचं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात कुणी कुणाला काही सोडायला लावणार नाही. सोडणं काय असतं, ते मला माहीत आहे."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं शेजारी बसून जेवलेली बाई पहिल्यांदाच दिसावी, तसे बघत राहिले.

"जड गेलं होतं का गं तुला?" त्यांनी विचारलं.

"गेलं होतं."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

बाबांनी मान हलवली. मग ते उठले, स्वैपाकघरात गेले, आणि भाताचं पातेलं घेऊन बाहेर आले. आईच्या ताटात त्यांनी भात वाढला, वर वरण घातलं, तूप जरा जास्तच पडलं. "खा आता," ते म्हणाले. "कान धरायचे तर मी धरायला हवेत." आईने खाली मान घालून भात कालवला, पण तिचा चेहरा मुलीसारखा उजळला होता.

हात धुवायला म्हणून दत्तप्रसाद बेसिनपाशी गेला, आणि टॉवेल द्यायला म्हणून आभा.

"सगळ्यांसमोर सांगून टाकलंस," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी मला एकट्याला तरी सांगायचं."

"तू विचारलंस कुठे? 'कारण मी असलो तर', याला काय विचारणं म्हणतात?"

"मग आता विचारतो."

"विचार."

"भात गार होतोय," आतून आईची हाक आली.

"आधी जेवून घेऊ…"

"अजिबात नाही. आधी विचार."

त्याने टॉवेल घेतला, आणि टॉवेलखाली तिची बोटं धरली. त्याचा हात ओला होता, थंडगार होता. मग त्याने विचारलंच.

"आभा… जूनमध्ये मला सोडून पुण्याला जाशील?"

"जाणारच आहे," ती म्हणाली. "तूही चल. सगळे नातेवाईक तिकडेच आहेत, लग्न इथे कसं करणार?"